अण्णांचा उतरलेला आकडा

त्या दोन भावांची केस अजून माझ्या डोक्यातून जात नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधावरच्या मारामारीत फुटलेली डोकी पाहिली. त्या फाइली बंद झाल्या की माझ्यापुरत्या बंद झाल्या. ही झाली नाही. या प्रकरणात कुणी सुरा काढला नव्हता की कुणी विष घातलं नव्हतं, आणि तरीही एक धडधाकट माणूस गेला. नावं मी सांगणार नाही, गावही सांगणार नाही. निपाणीपासून फार लांब नाही, एवढंच समजा.

मी तेव्हा तिथल्या सर्कलचा इन्स्पेक्टर होतो. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. एका सकाळी अकराच्या सुमारास पासष्टीचे एक गृहस्थ पाच-सहा माणसं घेऊन ठाण्यात शिरले आणि माझ्या टेबलावर अंगठ्याएवढी तपकिरी बाटली आपटली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कारकून. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांचा धाकटा भाऊ, आप्पा, तासाभरापूर्वी शेतातल्या बोअरजवळ छातीला हात लावून खाली बसला तो उठलाच नव्हता. अण्णांचं म्हणणं एकच होतं, की या बाटलीतल्या तेलानं भाऊ मारला, आणि बाटली विकणाऱ्यावर खुनाचं कलम लावा. आमच्याकडे येणारा माणूस काय झालं ते नंतर सांगतो, कलम कुठलं लावायचं ते आधी सांगतो. त्याची मला सवय होती.

मी बाटली हुंगली. गवती चहाचा वास इतका उग्र की नाक झणझणलं. चिठ्ठीवर छापलं होतं, 'कोलेस्टेरॉलसाठी, रोज सकाळी चार थेंब ताकातून'. ताकातून का, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. कन्नडमध्ये या गवताला ताकाचं गवतच म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याची पात ताकात चुरडून पितात. त्यामुळे तेलाच्या बाटलीची कुणाला भीती वाटली नाही. घरचीच वस्तू, फक्त जरा कडक.

अण्णांना मी विचारलं, तुम्हीही हेच तेल घेता काय? ते म्हणाले, व्हय, नऊ महिने. मग तुम्हाला काही कसं झालं नाही? त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं, की मला चांगलं दिलं आणि भावाला भेसळीचं दिलं. उत्तर फार लवकर आलं. ते मला खटकलं, पण समोर भाऊ गमावलेला माणूस बसला होता, म्हणून तेव्हा ताणलं नाही.

अनैसर्गिक मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, शवविच्छेदन करून घेतलं. पोटात विष नव्हतं. हृदयाची नस बंद पडली होती. आप्पांना तीन वर्षांपूर्वी बेळगावात नस उघडून स्प्रिंग बसवली होती. त्यांच्या डॉक्टरांना मी जाऊन भेटलो. त्यांनी विचारलं, गोळ्या चालू होत्या ना? मी म्हटलं, चारही बंद केल्या होत्या. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. गोळ्या सोडल्या म्हणूनच गेले असं मी लिहून देणार नाही, म्हणाले, पण चालू असत्या तर हा माणूस आज जिवंत असण्याची शक्यता पुष्कळ होती, हे लिहून देतो.

आता प्रश्न एवढाच उरला की आप्पांना गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं. तेलवाल्यानं सांगितलं असेल तर त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचं कलम लागत होतं, म्हणजे जन्माचं वाटोळं. नसेल सांगितलं तर परवान्याशिवाय औषध विकणं आणि खोटी जाहिरात, बस्स. अण्णांनी जबाबात ठासून सांगितलं होतं, की त्यानंच सांगितलं. मला सांगितलं आणि भावाला पण सांगितलं.

तेलवाल्याला आणायला गेलो तेव्हा गावातल्या लोकांनी त्याची भट्टी आधीच फोडली होती. डोंगराच्या अंगाला तीन एकर गवती चहा, कडेला पत्र्याची शेड, आत वाफेवर तेल काढायचं मोठं भांडं आडवं पडलेलं. तो स्वतः कपाळाला रुमाल लावून बसला होता. चाळिशीचा माणूस, रसायनशास्त्रात एमएस्सी. खासगी कॉलेजात कंत्राटावर शिकवता शिकवता कंटाळून गावी आलेला. भोंदू म्हटला की अंगारा, माळा, गोड बोलणं असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. हा तसला नव्हता, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

दोन दिवस मी त्याची चौकशी केली. त्यानं कागदांचा एक गठ्ठा पुढे ठेवला. ठिकठिकाणी लाल पेननं रेघा ओढलेल्या. तो बोलायला लागला की वर्गात शिकवतोय असंच वाटायचं. या तेलात सिट्रल असतं, जिरॅनिऑल असतं. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीनही त्याच घराण्यातलं. आपलं यकृत स्वतः कोलेस्टेरॉल बनवतं, आणि त्या कामातली एक पायरी डॉक्टरांची गोळी अडवते. वनस्पतींमधली ही द्रव्यं तीच पायरी मंद करतात असं प्रयोगात दिसलंय, म्हणून मोठमोठ्या प्रयोगशाळा त्यांच्या मागे आहेत. हे सगळं खरं होतं. मी नंतर सरकारी कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना विचारून खात्री केली.

मी त्याला विचारलं, या कागदांत माणसं किती आहेत?

तो बराच वेळ गठ्ठा चाळत राहिला. शेवटी म्हणाला, "बहुतेक उंदीर आहेत, सर. आणि काचेच्या नळीतल्या पेशी. माणसांवर फार थोडं झालंय, आणि त्यातून पक्कं काही निघालेलं नाही."

मग विकायला कशाच्या जोरावर काढलंस? त्यावर त्यानं एक प्लास्टिकच्या आवरणात घातलेला कागद दिला. अण्णांचे रक्ताचे दोन रिपोर्ट, एक तेल सुरू करण्याआधीचा, एक पाच महिन्यांनंतरचा. आकडा चांगलाच उतरला होता. हाच कागद अण्णांनी गावभर मिरवला होता. सोसायटीत, देवळात, लग्नाच्या पंगतीत खिशातून काढून दाखवायचे. तेलवाल्याची सगळी विक्री या एका कागदावर उभी होती.

गोळ्या बंद कर असं कुणालाही सांगितलं नाही, हे मात्र तो शेवटपर्यंत सांगत राहिला. बाटलीवरच्या चिठ्ठीच्या तळाला बारीक अक्षरात 'चालू गोळ्या सोडू नका' असं छापलंही होतं. पण पिळल्यावर दुसरी गोष्ट बाहेर आली. अण्णांनी त्याला येऊन सांगितलं होतं की मी गोळ्या फेकून दिल्या. तेव्हा तू काय म्हणालास, असं मी विचारलं. काहीच म्हणालो नाही, म्हणाला. मनातून बरंच वाटलं होतं. गोळीशिवाय आकडा उतरला तर तो तेलानंच उतरला हे सिद्ध होणार होतं. एवढं शिकलेला माणूस दुसऱ्याच्या हृदयावर प्रयोग होऊ देतो आणि त्याला त्यात बरं वाटतं. माझा हात उठायचाच राहिला.

एका बाजूला अण्णांचा जबाब, दुसऱ्या बाजूला याचा. अशा वेळी पोलिसानं तिसरीकडे जायचं असतं. आप्पांनी गोळ्या नेमक्या कधी सोडल्या ते ठरवायला मी निपाणीतल्या औषधाच्या दुकानात गेलो. दोन्ही भाऊ तिथूनच गोळ्या नेत. दुकानदार म्हातारा, गिऱ्हाइकं तोंडपाठ असलेला. आप्पांच्या घरचं कुणी श्रावणापासून आलं नाही, म्हणाला. मी लिहून घेतलं आणि उठता उठता म्हटलं, आणि अण्णांच्या गोळ्या त्याच्याही आधी बंद झाल्या असणार.

दुकानदार म्हणाला, "छे हो साहेब, त्यांच्या कुठं बंद झाल्यात? वहिनी दर महिन्याला येऊन नेतात की. गेल्या आठवड्यातच नेल्यात."

मी परत खाली बसलो. नऊ महिने एकही गोळी घेतली नाही असं अण्णांनी जबाबात सांगितलं होतं, आणि अण्णा त्यात खोटं बोलत नव्हते याची मला खात्री होती. तो माणूस गोळ्या सोडल्याचं इतक्या अभिमानानं सांगायचा की खोटेपणाला त्यात जागाच नव्हती. मग गोळ्या जात कुठं होत्या? ठाण्यात परत येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं होतं.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, तसा कायदाच आहे. महिला हेड कॉन्स्टेबलला घेऊन मी गावात गेलो. अण्णा तालुक्याला गेले असतील अशी वेळ मुद्दाम पाहिली. त्यांच्या पत्नीला सगळा गाव आक्का म्हणे. आप्पांची बायको ही आक्कांची सख्खी धाकटी बहीण. दोन बहिणी दोन भावांना दिलेल्या, आमच्याकडे हे घरोघरी असतं. धाकटीला विधवा होऊन महिना झाला नव्हता.

आक्का आधी म्हणाल्या, गोळ्या माझ्यासाठीच आणते. हेड कॉन्स्टेबलनं विचारलं, कशासाठी घेता? त्यांना सांगता येईना. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाव अण्णांचं आहे, असं मी म्हटलं तशी त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं आणि सगळं सांगितलं.

बाटली घरात आली त्याच दिवशी अण्णांनी गोळ्या नेऊन उकिरड्यावर टाकल्या होत्या. तेलवाल्यानं तसं काही सांगितलं नव्हतं. तो बाटली द्यायला आला तेव्हा आक्का तिथंच चहा देत होत्या. हा निर्णय अण्णांनी स्वतःच घेतला होता. आक्कांनी गोळ्या उकिरड्यावरून वेचून आणल्या. रोज सकाळी एक गोळी खलबत्त्यात कुटून ताकात घालायची, वर तेलाचे चार थेंब टाकायचे. तेलाच्या वासापुढे गोळीची चव लागतच नव्हती. अण्णा पेला रिकामा करून मिशी पुसायचे आणि म्हणायचे, बघ, औषध असावं तर असं. वेचलेल्या गोळ्या संपल्यावर त्या निपाणीहून आणू लागल्या.

अण्णांना सांगितलं का नाही, असं मी विचारलं. "सांगून बघितलं की. ताट भिरकावलं अंगावर. मग म्हटलं, माणूस जगला पायजे, त्याला कळलं न्हाय तरी चालंल."

आणि रिपोर्ट आल्यावर? त्या दिवशी अण्णा गल्लीत पेढे वाटत फिरले होते. आता सांगितलं तर नवरा चारचौघांत तोंडघशी पडेल, म्हणून आक्का गप्प बसल्या. मी मग तो प्रश्न विचारला, जो विचारायची मला इच्छा नव्हती. आप्पांनी गोळ्या सोडल्याचं तुम्हाला कधी कळलं?

आक्का जमिनीकडे बघत बोलल्या. "श्रावणातच. धाकटीनंच सांगितलं, कपडे धुताना. मी म्हटलं, सोडू नगंस गं. ती म्हणाली, आक्का, अण्णांचा आकडा उतरला न्हवं? मला म्होरं बोलताच आलं न्हाय, साहेब. व्हटांवर आलतं, पण गिळलं. आज सांगू, उद्या सांगू म्हणत ऱ्हायले."

एवढं लिहू नका, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, लिहावंच लागेल. दुसऱ्या एका माणसाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तुम्हीच आधी बहिणीला सांगा, दोन दिवस मी फाइल पुढे पाठवत नाही. त्यांनी मान हलवली.

आता माझी चूक सांगतो. आमच्या भागात जबाब कन्नडमध्ये लिहितात, आणि सांगणारा मराठी असेल तर कागद मिटण्याआधी सगळा मराठीत वाचून दाखवायचा, अशी माझी शिस्त होती. त्या दिवशीही मी तेच केलं. कवायतीत घासलेला माझा आवाज. हळू वाचायला मला कधी जमलंच नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी खणखणीत वाचून काढलं. खलबत्ता, ताक, श्रावण, सगळं.

वाचताना शेजारच्या घरात भांडी घासल्याचा आवाज येत होता. मधेच तो थांबला. मला तो थांबल्याचं कळलं, पण त्याचा अर्थ कळला नाही. बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या घरातल्या बारीकसारीक खुणा वाचून पोट भरलं मी, आणि वर बघायचं मला सुचलं नाही. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा एका कौलारू घराची मधे भिंत घालून दोन घरं केलेली. भिंत डोक्याच्या वर हातभर नेऊन सोडली होती. वर आढं सलग, धूर जायला आणि वारा यायला. अलीकडचा शब्द पलीकडे जात होता.

वाचून संपलं आणि दारात धाकटी येऊन उभी राहिली. कोपरापर्यंत हातांना राख लागलेली. मी उठून काहीतरी बोलायला लागलो, ताई, बसा वगैरे. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. बहिणीकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"आमच्यात म्हस कुठं हाय, आक्का? ह्यांचं ताक बी रोज तूच देत हुतीस की गं."

एवढं बोलून ती गेली. हेड कॉन्स्टेबल माझ्याकडे बघत होती आणि मी हातातल्या कागदाची घडी घालत होतो. दुसऱ्या पेल्यात आप्पांच्या गोळ्या. तेवढंच करायचं होतं, आणि आक्कांना श्रावणापासून ते सुचलं नाही. खरं सांगतो, ते ऐकेपर्यंत मलाही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तेलवाल्याला बोलावून जबाबातलं जेवढं सांगणं भाग होतं तेवढं सांगितलं. मोठं कलम टळतंय हे ऐकून तो सुटकेचा श्वास सोडेल असं मला वाटलं. त्यानं फक्त विचारलं, ताकात गोळी किती महिने होती? मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून. तो डोकं धरून बसला. "म्हणजे माझ्याकडे एकही माणूस नव्हता, सर," म्हणाला. खोट्या जाहिरातीचं आणि विनापरवाना विक्रीचं दोषारोपपत्र त्याच्यावर गेलं. ते जायलाच हवं होतं.

अण्णा आठवड्यानं आले, एकटेच. तक्रार मागे घेता येते काय, असं विचारू लागले. नाही म्हटल्यावर टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "गावाला आता काय सांगू मी?"

माझं डोकं फिरलं. नोकरीत मी तक्रारदारावर क्वचितच ओरडलो असेन, पण त्या दिवशी ओरडलो. गावाचं राहू द्या अण्णा, म्हटलं, भिंतीपलीकडे जाऊन तिच्यासमोर उभे राहा. गोळ्या टाकल्या तुम्ही, भावाला टाकायला लावल्या तुम्ही, आणि नाव दुसऱ्याचं घेऊन आलात इथं. ते खाली मान घालून ऐकत होते. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, ते गेलेच नाहीत. जेवतात मात्र रोज बायकोच्या हातचंच, आणि गोळी आता उघडपणे पाण्याबरोबर घेतात. आकडा अजून चांगला आहे म्हणे.

समन्स बजावायला माझा हवालदार त्या घरी गेला होता. तो सांगत आला, की धाकटीनं गवंडी लावून मधली भिंत आढ्याला भिडवली. दूध-ताक ती आता डेअरीतून आणते.

या केसनं काय शिकवलं, असं कॉलेजातल्या व्याख्यानाला बोलावलं की मुलं विचारतात. मी सांगतो, कुणी एका बाटलीनं आकडा उतरल्याचा कागद दाखवला, तर त्या घरात ताट कोण वाढतं ते आधी विचारा. मुलं हसतात, वहीत लिहून घेतात. उंदरांवरून माणसावर उडी मारू नका, हेही सांगतो. हे सगळं पोलिसाचं उत्तर झालं.

माझं स्वतःचं उत्तर मी आजवर कुणाला दिलेलं नाही. आक्कांना सगळे दोष देतात, मीही मनातल्या मनात पुष्कळ दिला. सांगायचं माहीत होतं, आणि बाई आज-उद्या करत राहिली. पण त्या दिवशी भिंतीपलीकडे माझा आवाज गेला, तो माझ्या निष्काळजीपणानं गेला. बहिणीच्या तोंडून हळूहळू ऐकायची गोष्ट धाकटीनं एका पोलिसाच्या तोंडून, कन्नडमधून मराठीत उलटवलेली, राखेच्या हातांनी ऐकली. तिची माफी मागायची हे मी तिथून निघतानाच ठरवलं होतं. निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली. बेळगावात राहतो, निपाणीला नातेवाइकांकडे जाणं-येणं असतं. ते गाव रस्त्यालाच आहे. दर वेळी बायको म्हणते, थांबायचं काय? मी म्हणतो, येताना थांबू.